कुडाळात स्वतःची प्रॅक्टिस सुरू करताना कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं नाही?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी तरुण सीए आहे, मूळची कुडाळची. आर्टिकलशिप (सीए होतानाची उमेदवारी) दादरला झाली, नंतर मुंबईतच एका फर्ममध्ये नोकरी केली. आता गावी परतून स्वतःचं ऑफिस थाटायचं आहे. तिने ही गोष्ट चार लोकांना सांगितली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. ‘सिंधुदुर्गात काम कुठे आहे, मुंबई सोडू नकोस.’ ‘सुरुवातीला फी मागू नकोस, माणसं जोड.’ ‘सहीची कामं घे, बसल्या जागी पैसे.’ ‘एजंट धर, त्याला कमिशन दे.’ ‘सगळ्यांच्या पोर्टलवर आपलाच मोबाईल नंबर टाक, ओटीपीची कटकट नको.’ ‘कागद ठेव, संगणकाचा भरवसा नाही.’ यातलं काय घ्यावं आणि काय सोडावं, असं तिने विचारलं आहे.

मी रत्नागिरीत बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हणून लांबण लावून लिहितो.

सल्ला देणाऱ्यांना तोंडावर नाही म्हणायची गरज नसते. ‘बघते’ म्हणावं आणि मनात एवढंच विचारावं, की हे फसलं तर निस्तरणार कोण? आपल्या धंद्यात शेवटी सही एकाची असते. सल्ला देणारा काका, शेजारचा कर सल्लागार, बँकेतला ओळखीचा साहेब, यांपैकी कुणाचीही सही त्या कागदावर नसते. वरच्या यादीतले बहुतेक सल्ले या एका प्रश्नातच गळून पडतात.

सगळ्यात धोक्याचा सल्ला ‘सहीची कामं घे’ हा आहे, कारण तो सगळ्यात गोड आहे. तुम्ही बोर्ड लावला, की पहिल्या सप्टेंबरातच कुणीतरी फायलींचा गठ्ठा घेऊन येईल. पुस्तकं त्याने लिहिलेली, ताळेबंद त्याने बनवलेला, ग्राहकही त्याचाच. तुम्ही फक्त टॅक्स ऑडिटच्या (आयकरासाठीच्या हिशेब तपासणीच्या) अहवालावर सही करायची आणि फाईलमागे ठरलेली रक्कम घ्यायची. नव्या माणसाला हे देवाने पाठवल्यासारखं वाटतं. पण 2019 पासून प्रत्येक दाखल्यावर आणि ऑडिटवर यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लागतो. तो 18 अंकी क्रमांक तुमच्या नावावर आपल्या सनदी लेखापाल संस्थेच्या पोर्टलवर कायमचा नोंदला जातो. उद्या बँकेचं कर्ज बुडालं किंवा आयकर खात्याने खरेदी खोटी ठरवली, तर प्रश्न तुम्हाला विचारले जातील. तुमच्याकडे ना व्हाउचर, ना साठ्याची यादी, ना त्या माणसाचा चेहरा आठवतोय. शिवाय एका सीएला वर्षाला 60 टॅक्स ऑडिटची मर्यादा आहे. ती दुसऱ्याच्या ग्राहकांत खर्चून टाकली तर स्वतःचे ग्राहक कधी जोडणार?

बँकेच्या कामाचंही तसंच. सीएमईजीपी, पीएमईजीपी, मुद्रा या सरकारी कर्ज योजनांसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट मागणारे पुष्कळ येतील आणि ते काम चांगलं आहे, जरूर करा. मात्र ‘बँकेला एवढी विक्री दाखवावी लागते, बसवून द्या’ असं कुणी म्हणालं की तिथेच थांबा. अंदाज हा अंदाज म्हणून द्यायचा. होऊन गेलेल्या वर्षाचे आकडे बसवायचे नसतात.

एजंट आणि कमिशनचा सल्ला तर थेट नियमांत अडकतो. 1949 च्या सनदी लेखापाल कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, जो संस्थेचा सदस्य नाही अशा माणसाला फीमधला वाटा, कमिशन किंवा दलाली देणं हे गैरवर्तन म्हणून लिहिलेलं आहे. ‘रिफंडच्या दहा टक्के घे’ हाही त्यातलाच प्रकार. नफ्यावर किंवा निकालावर ठरणारी फी आपल्याला चालत नाही, मोजके अपवाद सोडून. आणि ज्याची फी रिफंडवर अवलंबून असते, त्याला वजावटी फुगवायचा मोह होतोच. खोटी घरभाडी, खोट्या देणग्या दाखवून रिफंड काढून देणाऱ्यांवर जुलै 2025 मध्ये आयकर खात्याने देशभर कारवाई केली. चुकीची माहिती देऊन उत्पन्न लपवलं असं ठरलं, तर दंड बुडवलेल्या कराच्या 200 टक्क्यांपर्यंत जातो. तो ज्याच्या नावाचं रिटर्न आहे त्या शिक्षकाला किंवा पोलिसाला भरावा लागतो. एजंट तोवर नंबर बदलून मोकळा.

आता ‘काम कुठे आहे?’ याबद्दल. हे म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काम म्हणजे बीकेसीतली कंपनी असते. कोकणातलं काम तसं दिसत नाही, म्हणून ते नाहीच असं त्याला वाटतं.

तुमच्या दारातला काजूच घ्या. कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला, दोडामार्ग या पट्ट्यात काजू बी फोडणारे लहानमोठे कारखाने आहेत. शेतकऱ्याकडून घेतलेली न सोललेली काजू बी जीएसटीत रिव्हर्स चार्जखाली येते. म्हणजे शेतकरी कर लावत नाही, नोंदणी असलेल्या कारखानदाराने तो स्वतः भरायचा, 5 टक्के. हा कर जमा असलेल्या क्रेडिटमधून (खरेदीवर आधी भरलेल्या कराच्या वजावटीतून) वळता करता येत नाही. आधी रोख भरायचा, मग त्याचं क्रेडिट घ्यायचं. हंगामात महिन्याला 10 लाखांची बी घेतली तर 50,000 रुपये नेमके अशा वेळी अडकतात, जेव्हा शेतकऱ्याला रोख द्यायची असते आणि बँकेची मर्यादा संपत आलेली असते.

बऱ्याच कारखानदारांना हे कुणी नीट समजावलेलंच नसतं. ‘शेतमाल आहे, कर कसला?’ एवढंच त्यांनी ऐकलेलं. खरेदीची वही उघडलीत तर आत ‘बाबल्या ३ पोती’, ‘वरच्या वाडीतला २ पोती, १ ओली’ अशा नोंदी दिसतील. त्या वहीतून शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन आणि दर काढून कारखानदाराच्या बाजूने बीजक बनवायचं असतं. व्यापाऱ्याकडून घेतलेली बी वेगळी धरायची, तिच्यावर व्यापाऱ्याने कर लावलेला असतो. आफ्रिकेतून आयात केलेली बी आणखी वेगळी, तिच्यावर आयातीवेळी लागणारा जीएसटी, म्हणजे आयजीएसटी. या तीन खरेद्या एका रकान्यात कोंबल्या की दोन-तीन वर्षांनी नोटीस येते आणि वर 18 टक्के व्याज लागतं. मार्च ते मे तुम्ही कारखान्यावर आठवड्यातून एकदा जाऊन ती वही सरळ करून दिलीत, तर तो माणूस तुम्हाला सोडणार नाही. दादरच्या फर्मला हे काम कधीच करता येणार नाही, कारण तिला ती ‘ओली’ म्हणजे काय तेच कळणार नाही आणि वजनातली घट कुठून आली हेही.

आंब्याचंही असंच आहे. स्वतःच्या बागेचा हापूस पेटीत भरून वाशीला पाठवला आणि दलालाची पट्टी (विक्रीचा हिशेब) आली, तर ते शेतीचं उत्पन्न. अढी घालणं, प्रतवारी, पेटी भरणं हे सगळं माल बाजारात नेण्यासाठीच, त्याने काही बिघडत नाही. पण कॅनिंगच्या आंब्याचा स्वतःच रस काढून डबे विकले, तर रसाच्या धंद्यातला नफा शेतीचा राहत नाही. तिथे आंब्याचा बाजारभाव वेगळा काढावा लागतो. आणि झाडावर लागलेलं फळ बघून दुसऱ्याची बाग कराराने घेणारा माणूस बहुतेक वेळा व्यापारी ठरतो. कलमांची मशागत, खत, फवारणी त्याने स्वतः किती केली यावर सगळा वाद उभा राहतो. जमिनीवरची मूळ मशागत असल्याशिवाय शेतीचं उत्पन्न नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा 1957 चा निकाल आजही कामाला येतो. रत्नागिरीत कराराच्या बागा इतक्या आहेत, की करारपत्र आणि फवारणीची बिलं एकत्र ठेवायला लावणं हेच अर्धं काम.

आणि एक. ‘शेतीचं उत्पन्न करमुक्त, दाखवायचंच नाही’ हा गावोगावचा लाडका सल्ला. पगार किंवा धंद्याचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल आणि शेतीचं निव्वळ उत्पन्न 5,000 रुपयांहून जास्त असेल, तर कराचा दर ठरवताना ते धरावं लागतं. शिवाय न दाखवलेल्या आंब्याच्या पैशांतून पुढे फ्लॅट घेतला, तर पैसे कुठून आले याचं उत्तर काय द्यायचं? दाखवणं ग्राहकाच्याच फायद्याचं असतं.

मासेमारीला तर लोक सरसकट शेती म्हणतात. नाही. समुद्रातला मासा जमिनीतून येत नाही, त्यामुळे ट्रॉलरवाल्याचं उत्पन्न आयकराला करपात्र आहे. ताज्या मासळीवर जीएसटी नाही, म्हणून आयकरही नाही, असा घोळ रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरापासून मालवणपर्यंत ऐकू येतो. बोटीचा हिशेब मात्र शिकण्यासारखा आहे. डिझेल, बर्फ, शिधा वजा जाऊन उरलेल्याचे मालक, तांडेल (बोट चालवणारा म्होरक्या), खलाशी असे वाटे पडतात आणि हे बहुधा तांडेलाच्या डायरीत असतं. ती डायरी वाचायला शिका. घरात खोल्या भाड्याने देणाऱ्यांचं, तारकर्ली-देवबागच्या न्याहारी-निवासवाल्यांचं, एका वाक्यात सांगतो: ऑनलाइन बुकिंगवर कापलेला टीडीएस खात्याला दिसतच असतो, म्हणून ‘आमचं छोटं आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही.

जमिनीचं काम तुम्हाला गणपतीत मिळेल. चाकरमानी पाच-सात दिवसांसाठी येतो, आरती झाली की सातबारा काढतो आणि विचारतो, ‘ही विकली तर कर किती?’ नगरपरिषदेची लोकसंख्या 10,000 ते 1 लाखाच्या दरम्यान असेल, तर तिच्या हद्दीपासून सरळ रेषेत 2 किलोमीटरच्या पलीकडची शेतजमीन भांडवली मालमत्ता धरत नाहीत, म्हणजे भांडवली नफ्याचा कर नाही. पण ती खरोखर शेतजमीन हवी. कोकणातली वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन) आणि कातळ इथेच अडते. सातबाऱ्यावर गवत, नाव पंधरा जणांचं, विकत घेणारा रिसॉर्ट बांधणार. गावचा दलाल ‘गावाकडची जमीन, टॅक्स फ्री’ म्हणून मोकळा होतो. तुम्ही होऊ नका. पीकपाहणी बघा, अंतराचा दाखला घ्या, मग बोला.

कायद्याच्या कलमांच्या आकड्यांवर फार विसंबू नका. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा आयकर कायदा लागू झाला आणि पाठ केलेले नंबर बदलले. विषय समजलेला असला की नंबर शोधता येतो.

एवढं सांगितल्यावर मुंबईवाल्या सल्ल्यातलं थोडं खरंही मान्य करतो. पहिलं वर्ष-दीड वर्ष इथल्या कामावर घर चालेलच असं नाही. दादरच्या जुन्या फर्मचं एखादं ठरावीक काम घरून करायला मिळालं तर घ्या. त्यात कमीपणा नाही. फक्त त्याचे तास बांधून घ्या, नाहीतर तुम्ही कुडाळात बसून मुंबईचीच नोकरी कराल, तीही कमी पगारात.

फीबद्दल. ‘माणसं जोड, फी नंतर’ म्हणणारे जीव लावूनच म्हणतात आणि आपल्याकडे त्याला एक जास्तीची धार असते. फुकट काम करून घेणारा बहुधा नात्यातला किंवा वाडीतला असतो. आई मध्ये पडते, ‘आपलोच माणूस मा तो, पैशे खयचे?’ मग मे महिन्यात घरात आंब्याच्या पेट्या लागतात आणि ऑफिसचं भाडं खिशातून जातं. पेटी आनंदाने घ्या, पण ती फी म्हणून धरू नका. दोघांनाही अवघडल्यासारखं होतं आणि पुढच्या वर्षी तो संकोचाने दुसऱ्याकडे जातो.

मी असं सुचवेन. काम हातात घ्यायच्या आधी एका पानाचं पत्र द्या: कोणतं काम, कोणत्या महिन्यात, किती फी, कोणते कागद ग्राहकाने कधी आणून द्यायचे. जीएसटीची फी महिन्याला घ्या. वर्षाच्या शेवटी एकदम मागितलेली रक्कम नेहमी मोठी वाटते आणि तोवर तीन रिटर्नं तुम्ही त्याच्या उशिरामुळे रात्री जागून भरलेली असतात. ज्यांचं फुकट करायचं आहे, त्यांची यादी स्वतः ठरवा आणि छोटी ठेवा. विधवा मावशी, वाडीतला सातेरीच्या देवळाचा हिशेब, शाळेचा जुना मास्तर. बाकीच्यांना हसून आकडा सांगा. पहिल्यांदा जीभ अडते, नंतर सवय होते. स्वस्त फीवर आलेला ग्राहक त्याहून स्वस्त मिळेपर्यंतच तुमचा असतो, हे तुम्हाला पहिल्याच वर्षात दिसेल.

ओटीपीचा सल्ला मला खरंच राग आणणारा आहे. वरकरणी तो सोयीचा वाटतो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ग्राहक शेतात लावणीला गेलेला, फोनला रेंज नाही, ओटीपी दहा मिनिटांत मरतो. मग वाटतं, टाकूया आपलाच नंबर. माझ्याकडे एक खाणावळीचे मालक आले होते. त्यांच्या जीएसटी पोर्टलवर मोबाईल आणि ईमेल दोन्ही आधीच्या कर सल्लागाराचे. फीवरून दोघांचं बिनसलं आणि त्याने फोन उचलणं बंद केलं. दरम्यान नोटीस आली, मुदत गेली, एकतर्फी आदेश निघाला. मालकांना कळलं कधी, तर बँक खातं गोठवल्याचा संदेश आल्यावर. कायद्याने पोर्टलवर टाकलेली नोटीस ही पोहोचलेलीच धरतात. अपिलाला आदेशापासून तीन महिने, फार तर आणखी एक महिना, आणि वादातल्या कराच्या 10 टक्के आधी भरायचे. त्यांनी ते भरले. वाद पुढे त्यांच्या बाजूने लागलाही असता, पण ते भांडत होते चुलीवरचं सांभाळून.

नंबर ग्राहकाचाच टाका. ईमेल नसेल तर त्याच्या मुलाचा किंवा सुनेचा टाका, तुमचा फक्त दुसरा म्हणून. पासवर्ड लिहिलेली वही टेबलावर पडू देऊ नका. आणि कराचे पैसे स्वतःच्या खात्यावर घेऊन मग भरणं, जीपेने का असेना, कधीच नको. चलन काढून द्या, ते ग्राहकाने भरावं.

कागद की संगणक, हा वाद चिपळूणच्या बाजारपेठेने मिटवला असं मी मानतो. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी दुकानांत आणि कपाटांत शिरलं. बिलबुकं, खातेवह्या, फायली सगळा लगदा झाला. पुढे विम्याच्या दाव्यासाठी पूर आला त्या दिवशीचा साठा सिद्ध करायची वेळ आली. ज्यांची खाती संगणकावर होती आणि एक प्रत गावाबाहेर कुठेतरी होती, त्यांच्याकडे निदान दाखवायला काहीतरी होतं. ज्यांचा संगणकही त्याच दुकानात होता, त्यांचं दोन्ही गेलं. कुडाळात भंगसाळीचं पाणी कुठवर येतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. ऑफिस घेताना ते बघा, इन्व्हर्टर घ्या, दोन वेगळ्या कंपन्यांचं नेट घ्या. एसी आणि काचेचा दरवाजा नंतर.

जाहिरातीबद्दल एकच: फेसबुकवर ‘रिफंड हमखास’ टाकायला सांगणारे भेटतील. संस्थेचे आचारनियम वाचल्याशिवाय काहीही छापू नका, पत्रकसुद्धा.

सुरुवात शक्यतो जूनमध्ये करा. मार्चमध्ये शिमगा आणि वर्षअखेर एकमेकांवर आदळतात, एप्रिल-मे आंबा-काजूचा, कुणाला बोलायला वेळ नसतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोटी वर काढलेल्या, मालक घरी. आंब्याची पट्टी हातात आलेली असते. लोक दुपारी निवांत भेटतात. बहुतेकांना त्याच काळात रिटर्नची आठवणही होते, आणि गणपतीच्या आधी बरीचशी पुस्तकं सरळ करून ठेवली, तर 30 सप्टेंबरची टॅक्स ऑडिटची मुदत मखराच्या गडबडीत अंगावर येत नाही.

कुणाचा ऑडिटचा ग्राहक तुमच्याकडे येत असेल, तर आधीच्या ऑडिटरला लेखी पत्र पाठवून मगच काम घ्या. ते बंधनकारक आहेच. त्याची निर्विवाद फी थकलेली असेल तर ती चुकती होईपर्यंत नेमणूक स्वीकारू नका. पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा, पोच फाईलला लावा. सिंधुदुर्गात सगळे एकमेकांना ओळखतात. ‘फोन केला की झालं’ असं कुणी म्हणेल, फोन तर कराच, पण पत्रही पाठवा.